डेटनच्या न्यायालयातील बायबल

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो. इतक्यात आमच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या मुलाला घेऊन आत आली. मुलगा दहावीत शिकणारा. तो संकोचाने दाराशीच उभा राहिला. आई म्हणाली, ''फादर, तुम्हीच आता याला दोन शब्द सांगा. माणूस माकडापासून झाला, असं हा घरात सांगत सुटलाय. मग आदाम आणि एवा कुठे गेले?'' तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातील कुणी उपदेशक त्यावर मोठ्या आवेशाने बोलत होता आणि खाली मराठी भाषांतर उमटत होते. उत्क्रांतीची शिकवण सैतानाकडून आली आहे आणि ती मानणारा ख्रिस्ती राहू शकत नाही, असा एकंदर आशय होता. मुलगा इतका वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, ''फादर, मग बोर्डाच्या परीक्षेत काय लिहायचं?''

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. ''पुस्तकात आहे तेच लिही, बाळ,'' एवढे मी त्याला सांगितले. मुलाचे समाधान झाले. आईचे झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. बाप्तिस्म्याची मंडळी दारात ताटकळत होती, म्हणून संभाषण तेथेच थांबले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मुलाला मी परीक्षेचे उत्तर दिले होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहूनच गेले होते.

त्या उपदेशकाच्या आवेशामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डेटन या लहानशा गावी एक खटला चालला. त्याच्या केंद्रस्थानी एक थोर लोकनेता होता आणि त्याच्या हातात बायबल होते. तो इतिहास समजून घेतला, तर त्या मातेला काय सांगावे हे कदाचित आपल्याला उमजेल.

लोकांचा कैवारी

विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचा जन्म १८६० साली इलिनॉय राज्यात झाला. ते वकील होते आणि वक्तृत्व तर त्यांना उपजतच लाभले होते. १८९६ साली शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू अशा काही तेजाने मांडली, की वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. १८९६, १९०० आणि १९०८ अशा तीन निवडणुका ते लढले आणि तिन्ही हरले. तरीही त्यांची लोकप्रियता ओसरली नाही. श्रीमंतांच्या मिळकतीवर कर बसावा, सिनेटचे सभासद थेट जनतेने निवडावेत, स्त्रियांना मताधिकार मिळावा, दारूबंदी व्हावी, या मागण्यांसाठी ते आयुष्यभर झटले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात १९१३ पासून ते परराष्ट्रमंत्री होते. सरकारचे धोरण देशाला महायुद्धाकडे ओढीत आहे, असे वाटताच १९१५ च्या जून महिन्यात त्यांनी ते पद सोडले.

आपल्या देशाशीही त्यांचा एक धागा जुळलेला आहे. जगप्रवासात ते हिंदुस्थानात येऊन गेले आणि १९०६ साली त्यांनी येथील ब्रिटिश राज्यकारभारावर कठोर टीका करणारा लेख लिहिला. स्वातंत्र्याची आकांक्षा बाळगणाऱ्या भारतीयांनी तो पुस्तिकेच्या रूपाने ठिकठिकाणी पोहोचविला.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की धर्माच्या नावाने विज्ञानाशी वैर धरणारा पुढारी म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एखादा ढोंगी किंवा मतलबी माणूस उभा राहतो. ब्रायन तसे नव्हते. ते प्रार्थनाशील होते, गरिबांचे कैवारी होते, शांततेसाठी सत्तेचे पद सोडण्याइतके निःस्पृह होते. असा माणूस इतक्या मोठ्या चुकीच्या वाटेला का लागावा, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

एका शब्दाचा जन्म

'मूलतत्त्ववाद' हा शब्द आज आपण सर्रास वापरतो आणि बहुधा तो दुसऱ्यांच्या धर्माला उद्देशून वापरतो. त्याचा जन्म मात्र ख्रिस्ती घरात झाला आहे. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स', म्हणजे 'मूलतत्त्वे', या नावाने बारा पुस्तिका निघाल्या. लायमन स्ट्युअर्ट या तेलसम्राटाने आपल्या भावासह त्यांचा खर्च उचलला आणि सुमारे तीस लाख प्रती फुकट वाटल्या. श्रद्धेचा पाया ढासळत चालला आहे, या चिंतेतून हे काम झाले होते. १९२० साली एका बाप्टिस्ट नियतकालिकाचे संपादक कर्टिस ली लॉज यांनी या मूलतत्त्वांसाठी झुंजणाऱ्यांना 'फंडामेंटलिस्ट' हे नाव दिले, आणि त्यांनी ते गौरवाने दिले होते.

गंमत अशी, की त्या पुस्तिकांचे सगळेच लेखक उत्क्रांतीचे कट्टर वैरी नव्हते. स्कॉटलंडचे धर्मपंडित जेम्स ऑर यांनी तर ईश्वराच्या योजनेत एका प्रकारच्या उत्क्रांतीला जागा असू शकते, असे मानले होते. पहिले महायुद्ध संपल्यावर वातावरण तापले, आणि श्रद्धेच्या बचावासाठी सुरू झालेली चळवळ एका वैज्ञानिक सिद्धान्ताविरुद्धची मोहीम होऊन बसली. त्या मोहिमेला ब्रायन यांच्यासारखा सेनापती लाभला.

कायदा, शिक्षक आणि खटला

जॉन वॉशिंग्टन बटलर हे टेनेसीतील शेतकरी आणि तेथील विधिमंडळाचे सभासद. मानवाच्या दैवी निर्मितीची बायबलमधील कथा नाकारणारा आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सांगणारा सिद्धान्त सरकारी शाळांत शिकविणे हा गुन्हा ठरविणारे विधेयक त्यांनी मांडले. शिक्षा १०० ते ५०० डॉलर दंडाची. प्रतिनिधिगृहात ते ७१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाले आणि २१ मार्च १९२५ रोजी राज्यपालांनी त्यावर सही केली. विधेयक मांडताना उत्क्रांतीविषयी आपल्याला काही माहिती नव्हती, असे बटलर यांनी पुढे स्वतःच सांगितले. विरोधात उभे राहिले तर मतदार काय म्हणतील, ही धास्ती सभागृहात किती जणांच्या मनात असेल, हे वाचकांनीच ताडावे.

नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च सोसण्याची तयारी वर्तमानपत्रातून जाहीर केली. डेटनच्या काही मंडळींनी ती बातमी वाचली. खटला आपल्या गावी चालला तर गावाचे नाव होईल आणि व्यापारही वाढेल, असा हिशेब त्यांनी औषधांच्या दुकानातील टेबलाभोवती बसून मांडला. जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकाला बोलावून घेतले. तो फुटबॉल शिकवीत असे आणि जीवशास्त्राचा तास त्याने केवळ बदली म्हणून घेतला होता. आरोपी होण्यास तो तयार झाला. विशेष म्हणजे वर्गात जे पुस्तक वापरले जात होते, त्याला राज्याचीच मान्यता होती आणि त्यात उत्क्रांतीवर मजकूर होता. म्हणजे एका हाताने राज्याने जे शिकवायला दिले, तेच दुसऱ्या हाताने गुन्हा ठरविले.

१० जुलै १९२५ रोजी खटला सुरू झाला. सरकार पक्षाला साहाय्य करण्यास ब्रायन आले. बचावासाठी क्लॅरन्स डॅरो हे देशातील नामांकित वकील उभे राहिले. ते अज्ञेयवादी होते. गावात जत्रा लोटली. उपदेशक रस्त्यावर प्रवचने देत होते, फेरीवाले बायबल आणि सरबत विकत होते, कपडे घातलेला चिंपांझी लोकांच्या करमणुकीसाठी फिरविला जात होता. शिकागोच्या एका नभोवाणी केंद्राने कामकाज थेट प्रसारित केले.

हिरवळीवरील उलटतपासणी

बचाव पक्षाने आणलेल्या शास्त्रज्ञांची साक्ष न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे येऊ दिली नाही. तेव्हा डॅरो यांनी अनपेक्षित खेळी केली. बायबलचे जाणकार म्हणून त्यांनी प्रत्यक्ष ब्रायन यांनाच साक्षीला पाचारण केले. तो दिवस २० जुलैचा. उष्मा असह्य झाला होता आणि गर्दीच्या भाराने मजला खचेल की काय अशी भीती होती, म्हणून न्यायालय बाहेर हिरवळीवर भरले होते. सुमारे दोन तास प्रश्नोत्तरे झाली.

योनाला माशाने गिळले, हे खरे का? ब्रायन यांनी उत्तर दिले, की जो देव मासा निर्माण करू शकतो आणि माणूसही निर्माण करू शकतो, त्याला दोघांकडून हवे ते करवून घेता येते. श्रद्धेचे उत्तर म्हणून हे वावगे नाही. मग यहोशवाने सूर्य थांबविला, त्याविषयी विचारणा झाली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे ब्रायन यांना मान्य होते. बायबलने त्या काळातील लोकांना समजेल अशी भाषा वापरली, असे ते म्हणाले. जलप्रलयाचे साल कोणते? बायबलच्या समासात छापलेले साल त्यांना ठाऊक होते. ते कसे काढले, याचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. सतराव्या शतकातील आर्चबिशप अशर यांनी वंशावळी जुळवून विश्वाच्या आरंभाचे साल इसवी सनपूर्व ४००४ असे काढले होते. ती माणसाने केलेली बेरीज छपाईच्या सोयीने बायबलच्या पानावर आली आणि वाचता वाचता लोक तिलाच देववाणी समजू लागले होते. इतर प्राचीन संस्कृतींचा अभ्यास केला आहे का? नव्हता केला. शेवटी प्रश्न आला सृष्टीच्या सहा दिवसांचा. ते चोवीस तासांचेच दिवस असले पाहिजेत असे नाही, ते प्रदीर्घ कालखंडही असू शकतील, असे ब्रायन यांनी कबूल केले.

वाचकहो, सगळ्या खटल्याचे मर्म या एका उत्तरात आहे. बायबल शब्दशः घ्यावे, असे म्हणणारा माणूसही शेवटी 'दिवस' या शब्दाचा अर्थ लावतच होता. यहोशवाच्या वेळीही त्याने तेच केले होते. अर्थ लावल्यावाचून कोणताही ग्रंथ वाचता येत नाही. फरक असतो तो इतकाच, की काही जण आपण अर्थ लावीत आहोत हे मान्य करून तो अभ्यासाने लावतात, आणि काही जण आपण लावलेल्या अर्थालाच देवाचा शब्द मानतात.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष कामकाजातून वगळली. ज्यूरीने नऊ मिनिटांत स्कोप्स यांना दोषी ठरविले आणि १०० डॉलर दंड झाला. पाच दिवसांनी, २६ जुलैच्या रविवारी, ब्रायन यांना डेटनमध्येच झोपेत मृत्यू आला. १९२७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड ज्यूरीऐवजी न्यायाधीशांनी ठरविला, या तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत कायम राहिला. शिक्षेपेक्षा मोठे नुकसान शांतपणे झाले. प्रकाशकांनी वादाला भिऊन पुस्तके पातळ केली. ज्या पुस्तकावरून खटला झाला, त्याच्या पुढच्या आवृत्तीत 'उत्क्रांती' हा शब्दच उरला नाही.

खरी भीती, चुकीचे शस्त्र

आता ब्रायन यांना एक न्याय दिला पाहिजे. त्यांची भीती निराधार नव्हती. बलवानाने जगावे आणि दुर्बलाने मरावे हा निसर्गाचा नियमच आहे, असे सांगून युद्धाचे आणि शोषणाचे समर्थन करणारे विद्वान त्या काळी होते. वर्गातील ते पुस्तकही निर्दोष नव्हते. त्यात मानववंशांची उतरंड लावून गोऱ्या वंशाला सर्वांत वर बसविले होते. मतिमंद, गुन्हेगार, व्यसनी अशा कुटुंबांना समाजावर जगणारी बांडगुळे मानून त्यांची वाढ रोखावी, असे सुप्रजननशास्त्राच्या नावाने सुचविले होते. हे विचार पुस्तकातच राहिले नाहीत. १९२७ साली बक विरुद्ध बेल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गरीब तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला आठ विरुद्ध एक अशा मतांनी मान्यता दिली. विसाव्या शतकात त्या देशात साठ हजारांहून अधिक लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या.

त्या निकालात विरोधी मत देणारे एकमेव न्यायमूर्ती पिअर्स बटलर हे कॅथोलिक होते. आपली कारणे त्यांनी लिहून ठेवली नाहीत. १९३० च्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी विवाहावरील आपल्या परिपत्रकात अशा सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला. निरपराध माणसाच्या शरीरावर राज्यसत्तेचा असा अधिकार नाही, ही त्यामागची भूमिका होती. पोप महोदयांना त्यासाठी आनुवंशिकता खोटी ठरवावी लागली नाही. ते शक्यही नव्हते, कारण आनुवंशिकतेचे नियम ब्रून येथील ऑगस्टिनियन मठातील ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनेच वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून शोधले होते आणि १८६५ साली जगापुढे मांडले होते.

ब्रायन यांनी नेमके येथेच चुकीचे शस्त्र उचलले. विज्ञानाच्या दुरुपयोगावर नीतीच्या बळावर प्रहार करायचा, ते सोडून त्यांनी विज्ञानाने शोधलेले तथ्यच नाकारले. परिणाम असा झाला, की तथ्य तर टिकलेच. आणि त्यांनी दुर्बलांच्या बाजूने घेतलेला रास्त आक्षेप मात्र हास्याच्या लाटेत वाहून गेला.

आपले अंगण

हे प्रॉटेस्टंटांचे भांडण, आम्ही कॅथोलिक त्यातले नव्हे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पृथ्वी फिरते, असे सांगणाऱ्या गॅलिलिओला २२ जून १६३३ रोजी गुडघे टेकून आपले मत मागे घ्यायला लावणारे न्यायासन आपल्याच चर्चचे होते. तेथील धर्मपंडितही धार्मिकच होते, आणि यहोशवाच्या त्याच कथेचा आधार घेत होते. वास्तविक त्यांच्याआधी बाराशे वर्षे संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावरील भाष्यात इशारा देऊन ठेवला होता: आकाश, तारे, प्राणी यांविषयी अभ्यासू अख्रिस्ती माणसाला पक्के ज्ञान असते, अशा विषयात ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावाने काहीबाही बरळू लागला, तर पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन याविषयी तो जे सांगेल त्यावर कोण विश्वास ठेवील? चूक मान्य करायला आम्हाला फार वेळ लागला. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या काळातील धर्मपंडितांची चूक जाहीरपणे सांगितली.

मधल्या काळात चर्च शिकत होते. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी बायबलमधील पुस्तकांचे वाङ्मयप्रकार ओळखून अभ्यास करण्यास उत्तेजन दिले. १९५० साली त्यांनीच मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्याची मुभा दिली. आत्मा मात्र थेट परमेश्वराची निर्मिती आहे, हे कायम ठेवले. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा सिद्धान्त आता केवळ गृहीतक उरलेला नाही, असे विज्ञान अकादमीला कळविले.

या प्रवासातील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. बेल्जियमचे धर्मगुरू फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत आहे, हे गणिताने मांडले आणि १९३१ साली त्याचा आरंभ एका आद्य अणूत असावा, अशी कल्पना सुचविली. आज आपण जिला महास्फोट म्हणतो, तिचे हे मूळ. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष पाहिली. कोणताही धर्मगुरू यावर हरखून गेला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. विज्ञानाचा सिद्धान्त उद्या बदलू शकतो, श्रद्धेला त्याचा टेकू देऊ नये, ही त्यांची धारणा होती. ती पोपपर्यंत पोहोचावी म्हणून त्यांनी खटपट केली, आणि १९५२ साली खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोप महोदयांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. स्वतःच्या शोधाची परमधर्मगुरूंनी केलेली स्तुती नम्रपणे दूर सारणारा हा धर्मगुरू ब्रायन यांच्याहून कमी श्रद्धावान होता, असे कोण म्हणेल?

डेटननंतर

डेटनची आवर्तने पुढेही होत राहिली. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरविले, तेव्हा तोच विचार नवे नाव घेऊन आला. २००४ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळामंडळाने उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'बुद्धिमान रचना' मुलांपुढे ठेवण्याचे ठरविले. पालक न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर आणि धर्मपंडित जॉन हॉट यांनी साक्ष दिली, दोघेही कॅथोलिक. निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि शाळामंडळाला दहा लाख डॉलर्सहून अधिक भुर्दंड पडला. पैसा अर्थातच गावातील मुलांच्या शिक्षणाचा होता.

आपल्या महाराष्ट्रालाही हा वाद अपरिचित नाही. २०१८ च्या जानेवारीत, तेव्हा औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे लिहिलेले वा सांगितलेले नाही, असे कारण त्यांनी दिले. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला आणि मुंबईचा पोलीस आयुक्त राहिलेला हा माणूस. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडले आणि त्यांच्या ज्येष्ठ मंत्र्यांनी त्यांना अशा विधानांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. धर्म वेगळा, देश वेगळा, शतकही वेगळे. युक्तिवाद मात्र डेटनचाच. पदाचा अधिकार आणि ज्ञानाचा अधिकार यांत गल्लत झाली, की हे घडते.

त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना हसू आले. मलाही आले. पण लगेच मला २०१२ सालची आठवण झाली. मुंबईच्या एका उपनगरात चर्चबाहेरच्या क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले होते. चर्चने अधिकृतपणे त्याला चमत्कार म्हटले नव्हते. लोकांनी मात्र ते पाणी बाटल्यांत भरून नेले. सनल एडामरुकू या विवेकवादी कार्यकर्त्याने तपासणी करून सांगितले, की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. दूरचित्रवाणीवर त्यांनी चर्चवर केलेले आरोप मलाही बोचले. परंतु त्यांच्या म्हणण्याला उत्तर म्हणून काही कॅथोलिक मंडळींनी पोलिसांत तक्रारी दाखल केल्या, आणि अटकेच्या भीतीने तो माणूस देश सोडून फिनलंडला गेला. माझ्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एका आजीबाईंनी त्या पाण्याची बाटली मोठ्या भक्तिभावाने मला आणून दाखविली होती. ते पाणी पिऊ नका, एवढेसुद्धा मी म्हणालो नाही. त्यांचे मन दुखावेल, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मी माझी लोकप्रियता जपत होतो. त्या अर्थी टेनेसीच्या विधिमंडळात मीही बसलेलो होतो.

म्हणून आता उरलेले उत्तर. पुढच्या महिन्यात घरांना आशीर्वाद द्यायला निघेन, तेव्हा त्या मातेच्या घरी थोडा अधिक वेळ बसणार आहे. उत्पत्तीचे पहिले आणि दुसरे प्रकरण तिघांनी मिळून वाचू. पहिल्यात वनस्पती आणि प्राणी आधी, मनुष्य शेवटी. दुसऱ्यात मनुष्य आधी. ही दोन्ही निवेदने शेजारी शेजारी ठेवणाऱ्या त्या प्राचीन संपादकाला हा फरक दिसत नव्हता, असे थोडेच आहे? सृष्टी कोणत्या क्रमाने घडली, हे सांगण्यासाठी त्याने ती जपली नाहीत. ती कोणाची आहे, माणूस कोणाच्या प्रतिरूपाचा आहे आणि पापाने काय बिघडले, हे त्याला सांगायचे होते. मातीतून माणूस घडायला किती कोटी वर्षे लागली, हे मुलाने शाळेच्या पुस्तकातून शिकावे. त्या मातीत श्वास कुणी फुंकला, हे त्याला आईने सांगावे. तिला ते माझ्याहून चांगले सांगता येईल.

आणि मोबाइलवरचा तो उपदेशक? त्याच्याविषयी रागाने बोलणार नाही. बहुधा तोही ब्रायन यांच्यासारखाच भला माणूस असेल. सत्याला भिण्याचे श्रद्धेला कारण नाही, हे त्याला कुणी वेळेवर सांगितले नसावे. आपल्या घरी ते सांगण्याचे काम आईवडिलांचे आणि धर्मगुरूचे आहे, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही.